सोन्याचं विरजण

"म्हाळू, एवढ्या धापा काय टाकतोस? वाघ लागलाय का मागं?" मनकर्णानं विचारलं.

"वाघ परवडला! मायनं गळ्यातलं डोरलं काढलं! किमयाबाबाला देनार हाय!"

मनकर्णाच्या हातातली कैरी खालीच पडली. म्हाळूच्या आईच्या, मेंढ्या राखणाऱ्या भामाबाईच्या घरात त्या डोरल्याखेरीज गुंजभर सोनं नव्हतं!

पण सगळ्या नांदूरघाटालाच वेड लागलं होतं. मनकर्णाच्याच घरी उतरलेल्या किमयाबाबानं काल तिच्या वडिलांपुढे, मोहनरावांपुढे, मुशीत तांबं वितळवलं, काठीनं ढवळलं आणि तळाशी सोनं दाखवलं! आज दुपारी तोच चमत्कार गावासमोर होणार होता. मग घरोघरचे दागिने बाबाच्या मडक्यात. दुधाला लागतं तसं तांब्याला सोन्याचं विरजण लागतं म्हणे! मडकं घेऊन बाबा एकटाच डोंगरात जाणार आणि दहापट सोनं आणणार. रोज दही लावणाऱ्या बायकांना ते लगेच पटलं. मोहनरावांना तर त्यांच्याही आधी!

"थापा आहेत सगळ्या!" उत्तरेश्वर उसळला. हा मनकर्णाचा आतेभाऊ औरंगाबादच्या शाळेतून सुट्टीला आला होता. "आमच्या मास्तरांनी सांगितलंय. प्रत्येक अणूच्या मधोमध असते ही अशी कोय!" त्यानं चुलीत भाजलेली कैरी फोडली. "तिच्याभोवती इलेक्ट्रॉन नावाचे कण फिरतात. आग काय ती त्या बाहेरच्या कणांशी खेळते. बघ, गर शिजला, कोय तशीच! तांब्याची कोय वेगळी, सोन्याची वेगळी. चुलीवर कोय बदलत नाही!"

"मग सोनं झालं तरी कुठं?" मनकर्णानं विचारलं.

"विलायतेतले काही शास्त्रज्ञ म्हणतात, ताऱ्यांच्या पोटात अणू घडत असावेत. अजून नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण आपल्या अंगणात नाही, एवढं नक्की!"

"अन् कालचं सोनं?"

त्यावर मात्र पंडितानं कोय चोखायला घेतली!

म्हाळू डोकं खाजवत म्हणाला, "मला एक सांगा. आमी काठी उन्हातान्हात कुटंबी टाकतो. बाबा त्याची काठी कावून वल्ल्या फडक्यात ठिवतो? रांजनाच्या सावलीला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रांजणाकडे धूम ठोकली!

बाबा नदीवर आंघोळीला गेला होता. मनकर्णानं रांजणाआडची काठी उचलली आणि तापलेल्या फरशीवर ठेवली. वैशाखाचं ऊन ते! बघता बघता टोकाचा काळा ठिपका मऊ पडला. मेण! म्हाळूनं बाभळीच्या काट्यानं ते उकरलं, काठी वाटीवर पालथी केली...

भुर्रर्र! पिवळाधमक कीस वाटीत!

"पोकळ!" मनकर्णा किंचाळलीच. "मेण वितळतं आणि सोनं मुशीत पडतं! हीच किमया!"

"वरडू नगं! बाबा आला!"

म्हाळूनं मेण जागच्या जागी दाबलं, काठी फडक्यात गेली आणि तिघंही साळसूदासारखे कैऱ्या खात बसले.

दुपारी अंगण गच्च भरलं. भट्टी फुलली, तांबं वितळलं. बाबा मंत्र म्हणत ढवळू लागला. भामाबाई डोरलं मुठीत धरून पुढेच बसली होती.

"निघालं का सोनं?" मोहनरावांनी विचारलं.

बाबानं मूस पालथी केली. तांबं! नुसतं लालबुंद तांबं! त्याला दरदरून घाम फुटला.

"पापी नजर लागली!" तो गरजला.

"नजर नाही आबा, ऊन लागलं!" मनकर्णानं वडिलांपुढे वाटी धरली. "हे याच्या पोकळ काठीतलं सोनं!"

मोहनरावांनी काठी हिसकावून फोडली. आतली नळी सगळ्यांना दिसली! बाबा धोतर सावरत वेशीकडे पळाला, पण म्हाळूची शीळ घुमली आणि वेशीतून मेंढ्यांचा लोंढाच आत घुसला. बाबा त्यात गुडघाभर अडकला आणि धपकन पडला!

चौकीचे शिपाई त्याला घेऊन गेले, तेव्हा मोहनराव ओशाळून म्हणाले, "पोरांनो, आज तुम्ही गावाची लाज राखलीत. आणि माझी अक्कल ठिकाणावर आणलीत!"

"आता विरजण फक्त दुधाला!" मनकर्णा म्हणाली आणि अंगणभर हशा पिकला.

भामाबाईनं डोरलं पुन्हा गळ्यात बांधलं. म्हाळू तिला बिलगून म्हणाला, "माय, ह्ये सोनं ताऱ्याच्या पोटात झालं आसंल, ठावं हाय का?"

"ताऱ्याचं आसू दे न्हाईतर बाजारातलं," डोळे पुसत ती हसली. "माझ्या पोरानं राखलं, लई झालं!"