पपनसाचा जामीन

अण्णांनी कोयता उगारला, अंगणातल्या पपनसाच्या खोडावर टेकवला आणि गरजले, "किती वर्षं वाट बघायची तुझी? फूल नाही, फळ नाही! आज आडवंच करतो तुला!"

खरवईतली ही जुनी रीत. एकाने झाडाला धमकी द्यायची, दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, 'सोडा, पुढच्या साली फळेल, मी जामीन.' झाड भितं, अन् जामिनाच्या अब्रूखातर फुलतं. मध्ये पडायचा मान शेजारच्या वेणूबाईंचा. त्यांनी पदर खोचला, घसा साफ केला... तेवढ्यात फाटकाशी सायकल आदळली आणि एक उंच तरुण धावत येऊन खोडाला चक्क मिठी मारून उभा राहिला.

"मारू नका हो! फळेल ते! मी सांगतो ना, फळेल!"

अण्णांची लेक बकुळा इतकी हसली, की हातातली झारी तिच्याच पायावर रिकामी झाली.

"मेल्या, माझं बोलणं खाल्लंस!" वेणूबाई फणकारल्या.

तरुण कानापर्यंत लाल झाला. नाव हरिचंद्र, गाव मोरिवली, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या बागेत माळी. अण्णांकडे तगरीची आणि अनंताची रोपं न्यायला आला होता.

"रोपं ने," अण्णा म्हणाले, "पण जामीन तू राहिलास. आता फुलेपर्यंत दर रविवारी येऊन याची सेवा कर. होळीपर्यंत फुललं नाही, तर होळीतच घालीन."

"येईन," तो म्हणाला. बघत मात्र होता बकुळेकडे.

आणि आला की! आळं केलं, शेणखत घातलं, वाळक्या फांद्या छाटल्या.

"झाडाशी कायकाय कुजबुजता हो?" बकुळा विचारी.

"सांगतो, सावकाश फूल... घाई नाही."

"अन् मी त्याला सांगते, लवकर फूल. म्हणजे तुमची सायकल झिजायची थांबेल!"

"सायकलीची तक्रार नाही..."

संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात कीर्तन असे. अण्णा टाळ धरत, हरिचंद्र मागे उभा राहून झांज वाजवी. बुवांनी नामाचा गजर सुरू केला की सगळं देऊळ डोलायचं. त्या गजरात बायकांतून एक चोरटी नजर पुरुषांकडे जाई आणि झांजेचा ठोका हमखास चुके. विठ्ठलाला सगळं दिसतं. तो कमरेवर हात ठेवून गप्प राहतो.

माघात एका सकाळी बकुळा पाणी घालायला गेली, तर फांदीच्या टोकाला कळ्या! मोत्यासारख्या, टपोऱ्या. ती आनंदाने ओरडणारच होती... आणि तोंडावर हात गेला. झाड फुललं की जामीन सुटला. मग रविवार कशाचा?

तिने कळ्या खुडल्या. पुढेही दिसल्या तशा खुडत राहिली. रोज देवापुढे हात जोडताना मात्र जीव खाली-वर होई. होळी जवळ येत होती. फुलं नाही दिसली, तर झाड जाणार. दिसली, तर तो.

होळीच्या आधीच्या रविवारी हरिचंद्र सकाळीच आला. बकुळा झाडाखाली, मूठ मिटलेली.

"मूठ उघडा."

"नाही... काही नाही त्यात."

"पपनसाचा वास लपतो होय?"

मूठ उघडली. पांढऱ्या कळ्या घामाने ओल्या झालेल्या.

"रागवा ना," ती पुटपुटली.

"कसा रागवू? मागच्या रविवारीच ताजे देठ दिसले होते. अण्णांना म्हटलं, कीड लागली आहे."

"कीड!" तिने डोळे वटारले. "मला कीड म्हणालात?"

"मग काय सांगू? झाड फुललं असतं, तर मला कोण बोलावणार होतं?"

मग बकुळेनं डोळे पुसले. "अण्णांना सांगते. माझ्यापायी झाड नको जायला."

अण्णा ओटीवर टाळांना नवी दोरी ओवत होते. तिने कळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "अण्णा, झाडाचा दोष नाही. मीच..."

"अण्णा, मीही खोटं बोललो," हरिचंद्र म्हणाला.

अण्णांनी दोरीची गाठ मारली. "पहाटे काकड्याला निघतो ना, तेव्हा शेंड्यावरून घमघमाट येतो. शेंड्याला पोरीचा हात पोचला नाही, अन् माझं नाक अजून शाबूत आहे. बघत होतो, दोघांत आधी कुणाला कंठ फुटतो."

बकुळेनं मान वर केली. खरंच की! अगदी वर, उन्हात, पांढरा झुबका.

"अण्णा..." हरिचंद्र अडखळला, "मोरिवलीहून आईला घेऊन येऊ?"

"माझं काय, हो म्हणून बसलोय. हिला विचार."

बकुळा पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईंना पपनस आवडतं का?"

"आवडतं. पण पिकेल गणपतीत... उतरवायला यावं लागेल."

"तुम्ही याल?"

"दोघं येऊ," तो म्हणाला. "मी आणि माझी बायको."


बकुळा लाजून आत पळाली, अन् स्वयंपाकघरातून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.