थॉर्नवेलची आडवी थडगी

साधना हाफिजाबाईंच्या ऑफिसात शिरली तीच रडत. "मॅडम, साहेब संध्याकाळी पोलिसात जाणार! व्हिसा गेला तर माझ्या शर्वाणीची बारावी खलास!"

ती अबुधाबीच्या खलिफा सिटीत हॅलमसाहेबांचं घर सांभाळायची. साहेबांच्या आजोबांनी थॉर्नवेल या आपल्या इवल्याशा इंग्रजी खेड्याची छोटी प्रतिकृती लाकडात कोरली होती. चर्च, गिरणी, तळं, दफनभूमी. उद्या ती गावच्या म्युझियमला निघणार, आणि आज साहेबांना दिसलं, दफनभूमीचा तुकडा बदललेला! खोलीची किल्ली साधनाकडे, म्हणून चोरीचा आळ तिच्यावर.

रत्नागिरीच्या हाफिजाबाई डिटेक्टिव्ह म्हणून अबुधाबीत नावाजलेल्या. त्यांचा जोडीदार श्रीनाथ भला माणूस, पण ट्यूबलाइट.

व्हिलात हाफिजाबाईंनी तुकड्याला नाक लावलं. "सिरक्याचा, व्हिनेगरचा वास."

"मला भूक लागली," श्रीनाथ म्हणाला.

"साहेब, तुमच्याकडे थडगी कशी असतात?"

"चर्चसारखीच, पूर्व-पश्चिम," हॅलम गुरकावले. फोन त्यांच्या हातातच होता.

हाफिजाबाई तुकड्यावर वाकल्या. इथे सगळी थडगी चर्चला आडवी होती, डोक्याकडचे दगड उत्तरेला.

पॅकिंगवाला गोपीनाथ वैतागला. "अहो, मी आज खोका घेऊन आलोय. थडग्यांशी आमचा काय संबंध?"

गावावर काचेची पेटी बसवणारा नोमानही आलेला; मूळ महाडचा, वर्कशॉप शारजात. "मी फक्त काच लावली, आपा. गावाला हात नाही लावला."

साधनाने पदर तोंडाला लावला. हॅलम नंबर फिरवू लागले.

"थांबा!" हाफिजाबाई कडाडल्या. "चोरी झालीच नाही. चोर अस्सल समोर ठेवून हुबेहूब नक्कल करतो. इथे दिशाच चुकली, म्हणजे अस्सलाचा चुरा झाला होता. मग नमुन्याविना हात सवयीने चालला. उत्तरेला डोकं, तोंड पश्चिमेला, काब्याकडे. कोकणात माझे अब्बा तसेच निजलेत. गोपीनाथ किंवा साधना यांच्या हाताला ही सवय कुठून असणार?"

"पण सिरका?" श्रीनाथने विचारलं.

"काच चिकटवायच्या सिलिकॉनला तसाच वास येतो, बाबा. नोमान, काच निसटली ना?"

नोमानने मान डोलावली. "दफनभूमीवरच पडली, आपा. साहेब हाकलून देतील म्हणून घाबरलो. दुरुस्तीच्या निमित्ताने गावासकट पेटी वर्कशॉपला नेली, तिथे नवा तुकडा कोरून बसवला."

हॅलमनी फोन खिशात टाकला.

साधना मात्र नोमानसमोर जाऊन उभी राहिली. "फुटलं म्हणून मला सांगितलं असतंस, तर तुझ्यासाठी मीच साहेबांच्या पाया पडले असते रे. आणि तू मघापासून मला रडताना बघत बसलास?"