शेंदूर कुठल्या बाजूला?

द्वारकाबाई आली ती वहाणाही न काढता. तिचा नवरा पुंजाराम करमाडच्या खाणीत ट्रक उलटून मेला, त्याला दहा दिवस झाले होते.

"मुंजाबा मिस्त्रीनं मारलं माझ्या मालकाला. पुरावा द्या साहेब, त्याला फासावर लटकलेला बघायचाय मला!"

काकासाहेब खासगी गुप्तहेर, एकेकाळी फौजेच्या कारखान्यात गाड्या तपासणारे. सन चौसष्टच्या औरंगाबादेत असा माणूस एकटाच. त्यांचा जोडीदार त्रिंबक मनाशी म्हणाला, यात शोधायचं काय डोंबल? मुंजाबानं जोडलेला पुढचा एक्सल चढावर तुटला, चाकं जाम झाली, गाडी खाणीत. मुंजाबा कोठडीत. झालं!

फौजेच्या लिलावातला, चारी चाकांनी ओढणारा तो ट्रक छावणीतल्या गॅरेजात पडला होता. काकासाहेबांनी पुढचं डिफ्रेन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधली दातेरी चाकांची पेटी खोललं. आतल्या दातेरी चाकाचे दात तुटलेले. प्रत्येक दाताची एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट. खोलगट बाजूच्या कोपऱ्यात उरलीसुरली नीळ, आणि फुगीर बाजूच्या अगदी कडेला शेंदराचा ठसठशीत पट्टा.

"हे रंग कसले?" त्रिंबकनं विचारलं.

"दातावर दात नीट बसतो का, ते बघायला मिस्त्री रंग लावून चाक फिरवतात. ठसा मधोमध उमटला तर ठीक. कडेला उमटला तर सगळा भार कडेवर, अन् दात तुटणार."

गॅरेजाची किल्ली दोघांकडेच: मुंजाबा आणि तिथलाच दुसरा मिस्त्री सांडू. सांडू हात पुसत आला.

"मला काय विचारता? प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारींच्या मागच्या एक्सलवर हयात गेली माझी. पुढचा एक्सल जन्मात खोलला नाय. अन् भाऊ वैजापूरच्या रस्त्यावर गाडीखाली गेला, तवापासून कामात मन नाय."

कोठडीतला मुंजाबा रडकुंडीला आला होता. "फौजेत शिकलोय साहेब. नीळ लावून ठसा घेतला, मधोमध होता. शेंदूर? आमच्या मुंजोबाला लावायचा शेंदूर मी लोखंडाला फासीन व्हय?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. दारात जमादार उभा.

"दोन रंग म्हणजे दोन हात. मुंजाबानंतर कुणीतरी एक्सल खोलला, दातांमधलं अंतर राखणाऱ्या पातळ चकत्या काढल्या आणि ठसा कडेला सरकला का, ते शेंदूर लावून बघितलं. दात लगेच नव्हे, भरल्या गाडीला चढावर तुटायला हवा होता."

"पण कुणी?" त्रिंबक म्हणाला.

"बाजू बघ, गड्या. मागचा एक्सल फुगीर बाजूनं ओढतो. या ट्रकचा पुढचा खोलगट बाजूनं. मुंजाबाला ते ठाऊक, म्हणून नीळ खोलगटावर. दुसऱ्यानं मागच्या एक्सलच्या सवयीनं फुगीर बाजू रंगवली. तिथं ओढच नाही, म्हणून शेंदूर घासला न जाता टिकला. सांडू, तू पुढचा एक्सल कधी खोलला नव्हतास हे खरंच. हा पहिलाच."

सांडूनं आढेवेढे घेतले नाहीत. तो द्वारकाबाईकडं बघत होता.

"व्हय, मीच. माझा भाऊ पुंजारामच्याच ट्रकखाली गेला. दारूच्या नशेत त्यानंच सांगितलं. मेलेला कुणाचा भाऊ, ते त्याला ठावं नव्हतं. त्यो गाडी थांबवत होता. शेजारी बसलेली बायको म्हणाली, हाका, कुणी बघितलं नाय."

"अरे, मग बाईला सोडून त्याला का मारलंस?" त्रिंबकला राहवलं नाही.

"माझा भाऊ तासभर जिता होता रस्त्यात. हिला मारलं असतं तर एका घडीत सुटली असती. आता जगू द्या तिला, माझ्यावानी!"

"जिता होता?" द्वारकाबाई पुटपुटली. "मला वाटलं, जागीच गेला असंल."