हिलारियाने ओढत आणलेली टोपी

खोटं सांगून मला काय मिळायचंय? हिलारिया माझी चुलत जाऊ. आमच्या डोंगरातल्या चिंचेरो गावच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसून शाली विकतो. ऑगस्टातला रविवार होता... आमच्याकडे म्हणतात, जमिनीचं तोंड उघडं असतं, माणसाचा जीव गिळायला टपलेलं, तो महिना.

त्या सकाळी तिने बटाटे देऊन लेकीसाठी, नाइदासाठी, एक लोकरीची कानटोपी घेतली. जुनीच, पण उबदार. देणारी बाई वरच्या माळावरची, अनोळखी होती.

दुपारी पोर टोपी घालून वर इंकांच्या पडक्या भिंतींत खेळायला गेली. सहा वर्षांची होती. भिंतीतल्या कोनाड्यात झोपली आणि किंचाळतच उठली.

त्यानंतर तिने तोंडाला घास लावला नाही. डोळे उघडे, पण नजर रिकामी.

शेजारची म्हातारी बेर्नाकामावशी नाडी पाहून म्हणाली, "पोर इथं कुठाय? जीव वरच राहिलाय तिचा. तिच्या अंगावरचा कपडा घे, जमिनीवरून ओढत आण नि हाका मार. मागे मात्र वळू नकोस. वळलीस की गेला तो."

उशाशी टोपी होती, तीच उचलून हिलारिया वर भिंतींकडे धावली. दिवस मावळताना टोपी जमिनीवरून ओढत, हाका मारत ती परत निघाली.

"नाइदा, चल गं घरी. इथं राहू नकोस."

मागे पावलं वाजली...

हलकी, अनवाणी.

"आले, आई."

हिलारियाचा जीव भांड्यात पडला. घरी येताच तिने टोपी पोरीच्या डोक्यावर चढवली. नाइदाने डोळे मिटले, उघडले आणि वाटीभर सूप एका दमात संपवलं. वर आणखी मागितलं.

मावशी हसत हसत टोपी सारखी करायला वाकली. तिचा हात तिथेच थांबला.

"ही टोपी कुणाची गं?"

हिलारियाने बाजारातलं सांगितलं.

"हाक मारलीस नाइदाला," मावशी म्हणाली, "पण ओढत आणलास तो जीव दुसऱ्याच कुणाचा तरी."

दुसऱ्या दिवशी सांजेला हिलारिया नाइदाचा मळका परकर घेऊन पुन्हा वर गेली. या वेळी मागून आवाज आला...

फट्, फट्.

नाइदाच्या एका बुटाचा तळ सुटलेला होता. आईला तो आवाज ओळखू येणार नाही? ती रडत रडत, न वळता घरापर्यंत आली.

दाराला आतून कडी होती.

"नाइदा, दार उघड."

आतून आवाज आला... "एकटीच आहेस ना, आई?"

आणि अगदी पाठीशी... "आई, थंडी वाजतेय."

हिलारियाने दारावर धक्के मारले, विनवण्या केल्या. कडी निघेना. मागचं रडू वाढत गेलं. शेवटी आईच ती...

तिने वळून पाहिलं.

अंगणात कुणी नव्हतं.

मग कडी निघाली.

आता या गोष्टीला वर्षं झाली. पोर धडधाकट आहे, गुणी आहे. लोक हिलारियाला नशीबवान म्हणतात, तीही मान हलवते. फक्त पोरीला बूट चालत नाहीत. कडाक्याच्या थंडीतही ती अनवाणीच फिरते.

आणि रविवारी बाजार उठताना, आम्ही शाली गुंडाळत असतो तेव्हा, वरच्या भिंतींकडून काहीतरी उतरत येतं...

फट्, फट्.

आमच्या मागे येऊन थांबतं. मलाही ऐकू येतं, शपथ घेऊन सांगते.

हिलारिया आता वळत नाही. नुसता एक हात मागे करून बसते, अंधार पडेपर्यंत.