चंद्राच्या राजाचे टाके

शालूबाई त्या दिवशी जाड पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणायला महाद्वार रोडला गेली आणि येताना पावशेर भडंगही घेऊन आली. स्वारी खुशीत होती. का नसावी? तिच्या नवऱ्याला, बाळासोला, तीस वर्षांत पहिल्यांदाच पडद्यावर तोंड दाखवायला मिळणार होतं.

साल सत्त्याहत्तर. कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टुडिओत त्र्यंबकराव 'चांदोबाचा जावई' नावाचा विनोदी सिनेमा काढत होते. सिनेमा चंद्रावरचा, पण खर्च चुलीवरचा! रॉकेट म्हणजे आंघोळीचा तांब्याचा बंब. त्यात ओल्या शेण्या पेटवल्या की झकास धूर निघायचा. चंद्राच्या राजाचा पोशाख शालूबाईनं सिमेंटच्या पोत्यांना चंदेरी रंग फासून शिवलेला, आणि डोक्यावर पार हनुवटीपर्यंत येणारं ॲल्युमिनियमचं पालथं पातेलं. बाळासो आजवर शिपाई झाला, भालदार झाला, लढाईच्या गर्दीत तर कितीदा मेला. आता तो राजा होता, आणि शेवटच्या शॉटला पातेलं काढून पोटभर हसणार होता.

पोशाखाला बटणं नव्हती की चेन नव्हती. रोज शालूबाई नवऱ्याला आत घालून पाठीवर शिवायची आणि काम झालं की कात्रीनं टाके काढायची. शिवताना मात्र त्याच्या दातात काडी द्यायची. अंगावर कापड शिवतात ते मढ्याच्या. जित्या माणसाच्या दातात काडी हवीच, हे तिला आईनं शिकवलेलं. बाळासो रोज कुरकुरायचा आणि रोज काडी चावत गुमान उभा राहायचा.

त्या दिवशी ऊन कललं तसा त्र्यंबकरावांचा पारा चढला. "बंब एकदाच उडणार! फिल्मचा एवढाच तुकडा उरलाय. आवरा!" शालूबाई धावत आली तर बाळासो पातेलं घालून तयारच.

"अवो, आधी काडी धरा की."

"ऱ्हाऊ दे आज. पातेलं काढघाल केलं तर तोंडाचा रंग पुसंल. परत लावायला येळ कुठाय?"

"न्हाई, मला बरं वाटत न्हाई."

"शालू, तीस वर्सं थांबलोय की गं..."

आता सांगा, यावर कुठली बायको नाही म्हणेल? तिनं सुई ओवली आणि सोळा टाके घातले. शेवटची गाठ मारताना कापड हाताला गार लागलं. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं.

बंब धडधडला. पांढरा, उग्र वासाचा धूर सेटभर पसरला आणि त्यातून राजा पुढं आला. दोन्ही हातांनी त्यानं पातेलं वर उचललं. बाळासोचं तोंड मोठं उघडलेलं दिसलं. ओठ हलत होते, पण कॅमेऱ्याच्या घरघरीत काही ऐकू येईना. आवाज नंतर भरायचा होता. "हस! अजून हस!" त्र्यंबकराव ओरडत होते. मग धुरानं राजाला पुरतं झाकून टाकलं.

शालूबाई कात्री घेऊन धुरात शिरली. पोशाख जमिनीवर पडला होता. सपाट. तिनं पालथा करून पाहिला. सोळाच्या सोळा टाके जागेवर होते, गाठसुद्धा. गळ्यातून निघावं म्हटलं, तर बाळासोचे खांदे पैलवानाचे.

"काय शोधतीस?"

मागं बाळासो उभा होता. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अगदी मजेत.

"तुमी... निघाला कसं?"

"निघालो की. चल, भूक लागलीया."

माणूस हातीपायी धड समोर उभा, मग बाईनं आणखी काय बघायचं? तिनं पोशाख होता तसा पेटीत टाकला आणि देवीपुढं साखर ठेवली.

पुढचे दिवस तर सुखाचेच गेले. बाळासोची विडी सुटली, खोकला गेला, आवाज चढवणं बंद झालं. पहाटे उठून तो नळावरून पाणी आणू लागला. "शालू, तुझ्या नवऱ्याला चंद्र मानवला की!" शेजारची धोंडुबाई म्हणायची, आणि शालूबाई लाजायची. खोटं कशाला बोला, इतकी सुखी ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही नव्हती.

दिवाळीत सिनेमा लागला. दोघं दुपारच्या खेळाला गेली. थेटर हसून हसून लोळत होतं. शेवटी बंब उडाला, राजानं पातेलं उचललं आणि गडगडाटी हसू घुमलं. शिट्ट्या पडल्या. शालूबाईचे डोळे भरून आले. झालं बाई माणसाचं सार्थक!

तिनं पदरानं डोळे पुसले आणि नीट पाहिलं. पडद्यावरचं तोंड हसत नव्हतं. ते हसू कुणा भलत्याच्याच गळ्यातलं, वरून चिकटवलेलं. तीस वर्षं संसार केलेली बाई ती, नवऱ्याचे ओठ तिला कळत होते.

शालू... टाकं काढ... शालू, टाकं काढ...

तिनं शेजारी पाहिलं. खुर्चीतला माणूस शेंगा फोडत पडद्याकडं बघत होता, अगदी समाधानानं. तिच्या तळहातावर चार सोललेले दाणे ठेवत तो हळूच म्हणाला,

"बघ की, कसा हसतोय त्यो."