पहिल्या नावेचा मान

“हा आठवडा आता तुमचा, साहेब. जन्मभर तुमचा. तुमच्यामागे तुमच्या लेकरांचा.”

इतकी वर्षं झाली, तरी टेकचंद बिसेनांच्या कानात तो आवाज ताजा होता. गोंदियातलं हॉटेल, फुकटचं जेवण, आणि टाय लावलेला एक पोरगा मधात बोट बुडवून बोलावं तसा बोलत होता. दरवर्षी तोच आठवडा, तीच खोली, मालक म्हणून. टेकचंदांनी सहीसाठी पेन उघडलंही होतं.

“मग?” दामिनी रामटेकेनं विचारलं.

“मग काय, बायकोनं पेन हिसकलं. म्हणे, जन्मभराचा एक सौदा करून बसली आहे मी, दुसरा नको.”

दामिनी हसली. ती गोंदियातली खासगी गुप्तहेर. टेकचंद तिचे शेजारी, निवृत्त मास्तर, आणि तिच्या गाडीचे हौशी ड्रायव्हर. पोळ्याची सुट्टी म्हणून दोघं नवेगाव बांधच्या काठावर, ‘कमळपान’ रिसॉर्टमध्ये उतरली होती. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी रस्त्यावरचा नाला पुलावरून वाहू लागला. पुढे तलाव, मागे पूर. मधल्या चिमूटभर जमिनीवर रिसॉर्ट, आणि वर आभाळ असं टेकलेलं, की पाखरालाही वाट सापडू नये.

एवढ्यात भिजलेली एक बाई पायऱ्या चढून आली. ती स्वयंपाकघरातली रुख्मा होती.

“बाई, तुमी चोर धरता म्हणते जी. माह्या माणसाले सोडवा.”

दामिनीनं टेकचंदांकडे पाहिलं. काल जेवताना त्यांनीच टेबलाटेबलावर तिचा धंदा सांगून ठेवला होता.

“कोणी धरलं त्याला?”

“चौरसिया सायबानं. कोठीत कोंडून ठेवलं जी. मालक लोकाइची नाव बुडाली, अन् आळ कवडूवर. पाणी उतरलं का पोलीस येतीन म्हणते. एकडाव पोलिसात गेला, तं इथचं काम गेलं, अन् तलावावर जायाचीबी बंदी. मंग आमी खावं काय?”

दामिनीनं चपला घातल्या.

दारापुढच्या मातीत पळसाची एक डहाळी रोवलेली होती. ती ओलांडताना टेकचंद थबकले.

“मेढा हो हा! काल कवडू दारोदारी रोवत होता. पोळ्याच्या संध्याकाळी रोवायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे उपटायचा. खोकला, खरूज, डास, ढेकूण सगळ्यांना हाका मारत कुंपणापार, शिवेपार नेऊन फेकायचा. आमची आई तर पाय धुतल्याशिवाय घरात घेत नसे. आणि मागं वळून पाहायचं नाही.”

“आज इथले मेढे कोणी काढले नाहीत,” दामिनी म्हणाली.

खोल्यांपासून तलावापर्यंतची वाट म्हणजे नुसता लाल चिखल. धक्क्यावर पोचेपर्यंत टेकचंदांच्या चपला वीटभर जड झाल्या. फाटकाकडून येणारी दुसरी वाट मात्र फरशीची होती, पावसानं धुऊन लख्ख झालेली.

नावघर म्हणजे पाण्यात उभी जाळीची खोली. कुलूप शाबूत, आणि आत मालकांची, म्हणजे असे आठवडे विकत घेतलेल्यांची, लोखंडी नाव काठापर्यंत बुडालेली. कोणीतरी तिच्या तळाचं बूच काढलं होतं. नावघराच्या दारापुढे ओल्या मातीत एक भोक तेवढं होतं, मेढा नव्हता.

“हमारी नाव! पहिली नाव!” हिमांशू चौरसिया गरजत होता. गोंदियाचा व्यापारी, पायजमा पोटरीपर्यंत चिखलानं माखलेला. “मी इथला मालक आहे. बरसों से भर रहा हूँ, मेंटेनन्स अलग. पहाटेची पहिली नाव, तलावाकडची खोली, जेवणात सूट, ही काय मेहरबानी आहे? हक आहे! आणि मालकांच्या आजच्या मीटिंगमध्ये मी आणखी सूट मागणार होतो.”

“आणि आम्ही काय फुकट आलोय?” खुशबू नावाची भंडाऱ्याची तरुण पाहुणी फणकारली. तिचीही सलवार चिखलात बुडालेली. “पूर्ण भाडं मी द्यायचं आणि पहाटेचा तलाव यांनी बघायचा. पाखरं काय मालकांची ओळख विचारून उडतात?”

“मॅडम, पावसाळ्यात मालक येतात म्हणून इथे दिवे लागतात,” मॅनेजर विवेक कुजबुजला. तो नाशिकचा, वर्षभरापूर्वी इथं आलेला. “पण खरं सांगू? सवलती वाढतच चालल्या. दुसरे पाहुणे चिडून जातात. नाव गेली, आता निदान हा एक मान तरी बंद होईल.”

“म्हणजे तुम्हाला बरंच झालं,” दामिनी म्हणाली. विवेकचा चेहरा पडला.

थोडी बाजूला हिमांशूची बायको हर्षा उभी होती. चपला हातात, पाय अनवाणी आणि स्वच्छ.

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“आत्ताच. शोर सुनके कमरे से सीधे आई,” ती हळू म्हणाली.

नावघराची किल्ली तिघांकडे असे: नावाडी कवडू, विवेक आणि मालकांची खोली. मालकांना हवं तेव्हा नावेत बसता यावं म्हणून तीही एक सवलत. बाकीचे मालक पावसाच्या धाकानं आलेच नव्हते. किल्ली नसलेली खुशबू तिथल्या तिथे यादीतून उतरली.

कोठीत कवडू तांदळाच्या पोत्यावर बसला होता. उठला नाही.

“काल सगळ्यांसमोर म्हणालास, असली नाव बुडलेली बरी. काऊन म्हणालास?”

“तोंडाची वाफ होती जी. मी खुशबूबाईले या नावेतून एक चक्कर मारून आनलं, तं सायबानं मले सोडून माह्या बापाले शिवी देली. बाप तं मेला जी. त्यानं कोनाचं काय केलं?”

“आज पहाटे कुठे होतास?”

“गावात, नाल्याच्या अल्याडच. अगुदर गावचे मेढे, मंग इथचे. गावानं पायलं मले. पन सायब म्हणते, रातीच बूच काढलं असंन.”

“नावघरापुढचा मेढा तू काढलास?”

“नाई जी. मी इथचा एकबी नाई काढला. येल्याबरोबर कोंडलं नं मले.”

बाहेर येताच टेकचंद म्हणाले, “मॅडम, मॅनेजरच. मान बंद करायचा होता त्याला.”

“त्याला मेढ्यांबद्दल विचारा बरं.”

विवेक वैतागला. “तो झाडपाला? कालच कवडूला म्हटलं होतं, हा कचरा कशाला दारात? राहिला असेल तर फेकतो डब्यात.”

मग ती चौरसियांच्या खोलीकडे गेली. हिमांशू तावातावानं बाहेर आला आणि मेढ्याला अडखळला. “ये क्या कचरा है!” म्हणत त्यानं लाथेनं तो खुर्चीखाली सारला. आतल्या बाजूला हर्षा एकदम उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली.

“तुमच्याकडे हे मेढे रोवतात का हो?” दामिनीनं तिला विचारलं.

“मुझे इन सब का पता नहीं.”

“हिला काय विचारता?” हिमांशू हसला. “नागपूरच्या होस्टेलात शिकलेली आहे. गाववाल्या गोष्टी हिला काय ठाऊक?”

हर्षा खिडकीतून तलावाकडे बघत राहिली. खिडकीला सुंदर, नक्षीदार गज होते.

“तुम्ही दरवर्षी पोळ्यालाच येता?”

“आठवडाच तो आहे आमचा,” हिमांशू म्हणाला. “बदलत नाही. आणि पैसे भरलेला आठवडा वाया कोण घालवतं? मागं एकदा ताप होता हिला, तरी आणलं.”

स्वयंपाकघरात रुख्मा डोळे पुसत कारली चिरत होती.

“आज कारली?” दामिनीनं विचारलं.

“मीठ लावून ठेवतो जी. थे चौरसियाबाईनं सांगतलं. उद्या राती माह्यासाठी कारल्याचं साधं कर, भातासंगं. सायबाले नोको सांगू म्हणे.”

“शुगर असेल,” टेकचंद गंभीरपणे म्हणाले. “आमच्या साळ्यालाही कारलंच सांगितलं होतं डॉक्टरांनी.”

दोघं नाला बघायला निघाली. रिसॉर्टचं फाटक उंचवट्यावर होतं. फाटकाच्या आत एक नळ, त्याखालची फरशी ओली. वळणापलीकडून पुराचा घोष येत होता. फाटकातून पाणी मात्र दिसत नव्हतं. कुंपणाबाहेर, बेशरमाच्या झुडपात, पळसाची डहाळी अडकली होती. टोकाला नावघराजवळची काळी, चिकट माती.

“पावसानं वाहत आली,” टेकचंद म्हणाले.

“चढावर?”

टेकचंदांनी उताराकडे पाहिलं, मग डहाळीकडे पाहिलं.

“सगळ्यांना जेवणघरात बोलवा,” दामिनी म्हणाली. “आणि कवडूलाही.”

जेवणघरात काचा वाफेनं धुरकटल्या होत्या. हिमांशू मोबाईल वर धरून रेंज शोधत फिरत होता. कवडू दाराशी उभा राहिला, रुख्मा त्याच्यामागे.

“तासाभरात पाणी उतरेल म्हणतात,” हिमांशू म्हणाला. “मग पोलीस बघतील याला. तुमचा तमाशा लवकर आटपा, मॅडम.”

“आटपते. कुलूप तुटलं नाही, म्हणजे किल्लीवाल्यानंच बूच काढलं. पण माझं लक्ष बुचापेक्षा मेढ्यावर होतं. इथल्या सगळ्या दारांतले मेढे जागेवर आहेत. एकच गेला, नावघराचा. तो कुंपणाबाहेर सापडला. आत जाणाऱ्याच्या वाटेत तो आडवा आला असणार. आता सांगा, वाटेत आलेल्या डहाळीचं तुम्ही काय कराल?”

तिनं एकेकाकडे पाहिलं.

“चौरसिया साहेब लाथ मारतील, सकाळी मारलीच. विवेक कचऱ्याच्या डब्यात टाकतील. कवडू काढेल, पण फक्त एक मेढा नाही. सगळे काढेल, आणि गावच्या शिवेवर नेईल. नावघरापासून फाटकापर्यंत चढ चढून, हातातलं काम झाल्यावर, पहाटेच्या अंधुक उजेडात तो मेढा कुंपणापार फेकला अशा माणसानं, ज्याला तो उपटल्यावर कुंपणाच्या आत टाकवेचना. लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. चोरी लपवायला निघालेला हातसुद्धा ते मोडू शकला नाही.”

“म्हणजे गावातलाच कोणी!” हिमांशू टेबलावर हात आपटून म्हणाला. “तेच तर सांगतोय मी!”

“गावात वाढलेलं कोणी,” दामिनी म्हणाली. “मेढा फेकला की पाय धुवायचे. नळ फाटकाशी आहे. आज धक्क्यावर सगळ्यांचे पाय चिखलात होते, कारण खोल्यांकडून येणारी वाट चिखलाची. एकाच व्यक्तीचे पाय स्वच्छ होते. ती म्हणाली, खोलीतून सरळ आले. खोलीतून आलेले पाय असे राहत नाहीत. ती फाटकाकडून आली होती, फरशीवरून, नळावर पाय धुऊन.”

टेकचंदांची मान सावकाश वळली. सगळ्यांचीच वळली.

हर्षा टेबलावरच्या चादरीची कड चिमटीत धरून बसली होती.

“पागल हो क्या?” हिमांशू ओरडला. “माझी बायको माझीच नाव बुडवेल? कशासाठी?”

“कारल्यासाठी,” दामिनी म्हणाली. “देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीला, पोळा झाला की तीजा येते. भाऊ बहिणीला न्यायला येतो. आदल्या रात्री माहेरच्या अंगणात लेकी कारलं-भात खातात आणि मग उपास धरतात. यांचं माहेर तिकडचंच असणार. पोळ्यामागे तीजा, दरवर्षी. आणि दरवर्षी तो आठवडा तुमचा. विकलेला, विकत घेतलेला, न बदलणारा.”

रुख्माच्या तोंडातून “अगं माय!” एवढंच निघालं.

“पहिली नाव नसली, तर साहेब रागानं गाडी काढतील आणि आपण सुटू, असं त्यांना वाटलं. नाला चढलाय हे फाटकातून दिसत नव्हतं. सुटायला म्हणून दार उघडलं आणि सगळ्यांसकट आत अडकल्या. तोवर कवडूला कोंडलं होतं.”

“हर्षा,” हिमांशूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “बोल दे, ये झूठ है. तुझ्यासाठीच तर घेतलं ना मी हे सगळं? तलावाकडची खोली, पहिली नाव... दुसऱ्या कोणाला मिळतं का असं?”

हर्षानं चादरीची कड सोडली. ती उठली, कवडूसमोर गेली आणि तिनं हात जोडले. नागपूरचं शिक्षण आणि गोंदियाची हिंदी, दोन्ही तिच्या जिभेवरून गळून गेली.

“कवडूभाऊ, बूच मी काढलं. तुमाले कोंडलं तवा तोंड उघडाले पायजे होतं, भेव वाटला. माफ करा.”

मग ती नवऱ्याकडे वळली.

“तुमचा हा हप्ता मले कधीच नोको होता जी. तुमी दरसाल एक सूट जास्त मागता, अन् मी एक साल जास्त अडकतो. माय तासाभराच्या वाटेवर बसली हाय. मी दरसाल तिले फोनवर खोटं सांगून राहिली, का तुमाले सुट्टी नाई, मी गोंदियातच हावो, घरात. अन् थे दरसाल मले एकच इचारते: बाई, तुह्या घरात इतके पाखरं कायले बोलून राहिले?”