कन्सोलचा हरवलेला फ्यूज

“अहो, हात नका लावू! ओलं आहे अजून!”

पाटी रंगवणारी ओरडली खरी, पण उशीर झाला होता. जुन्या कन्सोलमागून डोकं बाहेर काढताना दुरुस्तीवाल्यानं नेमका ताज्या ‘मायक्रोफोन’वरच हात टेकला होता. तळहातावर पांढरी अक्षरं उमटली... उलटी.

“चला, आता मलाही प्रदर्शनात ठेवा,” तो म्हणाला आणि हसला. झालं! तिच्या हातातला ब्रश जो थांबला, तो थांबलाच.

जुन्या रेडिओ केंद्राचा बंद पडलेला स्टुडिओ काही हौशी मंडळींनी पुन्हा मांडायला घेतला होता. आवाज जुळवणारा कन्सोल आणि बाकीची यंत्रं त्यानं जिवंत करायची, पुसलेली अक्षरं तिनं काढायची. दोन दिवसांचं काम तिनं दोन आठवडे पुरवलं! खिडकीतून ऊन यायचं, सोल्डरचा धूर तरंगायचा आणि नजरा उगाचच एकमेकींवर अडखळायच्या.

“फार सावकाश काढता हो अक्षरं.”

“घाईत वाकडी येतात.”

“मग सावकाशच काढा. माझी तक्रार कुठं आहे?”

तक्रार नव्हती, पण कन्सोल सुरू झाला की तो दुसऱ्या गावी, नव्या कामावर जाणार होता. कायमचाच. म्हणून एका सकाळी, कुणी नाही असं बघून, तिनं कन्सोलमागचा काचेचा फ्यूज काढला आणि ब्रशांच्या डब्यात टाकला. एकच दिवस — फक्त एक दिवस आणखी!

एकाचे चार झाले. तो तारा तपासायचा, व्हॉल्व्ह काढायचा, घालायचा. “कुठं बिघडलंय, देव जाणे!” म्हणत उसासे टाकायचा. ती मान खाली घालून रंगवलेलंच अक्षर पुन्हा रंगवायची.

मग केंद्रातले जुने, निवृत्त काका आले. उभी हयात त्यांनी याच कन्सोलवर काढलेली.

“एकदा ऐकू दे रे,” ते म्हणाले. “माझा काय भरवसा, उद्घाटनापर्यंत असेन-नसेन.”

कन्सोल मुका. काकांचा चेहरा एवढासा झाला. तिनं डबा उघडून फ्यूज पुढं केला.

“मीच काढला होता. तुम्ही जाऊ नये म्हणून... मला तुम्ही आवडता. आता काय रागवायचं ते रागवा.”

काकांनी काठी आपटली.

“अरे गाढवा, यंत्र बंद पडलं की शेंबडं पोरही आधी फ्यूज बघतं! तू काय करत होतास इतके दिवस?”

त्याचे कान लाल झाले. त्यानं हळूच टेबलाचा खण ओढला. आत तसलेच फ्यूज — डबाभर!

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” तो पुटपुटला. “म्हटलं, तू लपवतेयस... तर आपण शोधत बसू.”

“आणि ते दुसऱ्या गावचं काम?” तिनं विचारलं.

“केव्हाच नाही म्हणून कळवलं. आता हा बसवू... की अजून शोधू?”

“बसव आधी!” काका गरजले.

पण दोघांचं लक्ष होतं कुठं!